तांबेऱ्याची कसोटी : गव्हाच्या वाणांची रोगप्रतिकारक्षमता कशी पारखतात?

गव्हाच्या पिकावर पडणाऱ्या तांबेरा या रोगाला आपल्याकडे गेरवा असेही म्हणतात. हे दोन्ही शब्द शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहून घडविलेले आहेत. रोगट पानावरून बोट फिरविले की गेरूच्या भुकटीसारखी तांबूस पूड बोटाला लागते. पांढरे धोतर नेसून अशा शेतातून चालत गेले, तर धोतराचा काठ रंगतो. ही पूड म्हणजे माती नव्हे. ते एका सूक्ष्म बुरशीचे बीजाणू असतात, आणि बोटाला लागलेल्या त्या चिमूटभर पुडीत त्यांची संख्या लाखांच्या घरात असते.

वसतिगृहाच्या पंगतीत ताटात पडणारी चपाती आणि ही तांबूस पूड यांचा संबंध फार जवळचा आहे. १९४६-४७ च्या रब्बी हंगामात मध्य भारतात खोडावरील तांबेऱ्याची मोठी साथ आली. त्या एका हंगामात सुमारे २० लाख टन गहू नष्ट झाल्याचा अंदाज अभ्यासकांनी नोंदविला आहे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची जखम तेव्हा ओली होती आणि देशात शिधावाटप चालू होते. अशा काळात हातातोंडाशी आलेला घास बुरशीने हिरावून नेला. असे पुन्हा घडू नये म्हणून गव्हाचा प्रत्येक नवा वाण शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची कसून परीक्षा घेतली जाते. ती परीक्षा कशी घेतात, तिचे गुण कसे मोजतात आणि ती कधीच का संपत नाही, हे समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

कारणाचा शोध

रोगाचे कारण ठाऊक नसते तेव्हा माणूस कारण कल्पितो. प्राचीन रोममध्ये गव्हाला तांबेऱ्यापासून वाचविण्यासाठी रोबिगस नावाच्या देवतेचा उत्सव दरवर्षी २५ एप्रिलला होत असे आणि त्यात कुत्र्याचा बळी दिला जाई. आपल्या देशातही वेगळे नव्हते. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात नर्मदेच्या खोऱ्यातील गव्हावर आलेल्या रोगांविषयी लिहिले आहे. लोक त्या संकटाचे खापर वाढलेल्या अनीतीवर, गोमांस खाणाऱ्यांवर आणि सरकारने चालविलेल्या जमिनीच्या मोजणीवरही फोडीत होते, असे त्यावरून दिसते.

या कल्पनांचा दोष केवळ त्या चुकीच्या होत्या एवढाच नाही. त्या माणसाला चुकीच्या जागी शोध घ्यायला लावीत होत्या. ज्याच्या शेतावर रोग पडला, त्याच्या किंवा त्याच्या शेजाऱ्याच्या वागणुकीत पाप शोधले जाई. पानाकडे मात्र कोणी निरखून पाहत नसे. १७६७ साली इटलीतील फेलिचे फोंताना यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले आणि तांबेरा हा गव्हावर जगणारा परजीवी आहे, असे दाखविले. १८६५ साली जर्मनीच्या अँटन द बारी यांनी ही बुरशी गहू आणि बार्बेरी नावाचे झुडूप अशा दोन वनस्पतींवर आपले जीवनचक्र पूर्ण करते, हे प्रयोगाने सिद्ध केले. कारण सापडले, तेव्हाच उपायाचा मार्ग मोकळा झाला.

तांबेऱ्याचे तीन प्रकार

गव्हावर तीन प्रकारचा तांबेरा पडतो. पहिला खोडावरील काळा तांबेरा. त्याचे लांबट, विटकरी फोड खोडावर, पानांच्या देठाकडील आवरणावर आणि ओंबीवरही येतात व पुढे काळे पडतात. याला उबदार हवा मानवते. दुसरा पानावरील तपकिरी किंवा नारिंगी तांबेरा. त्याचे छोटे गोल फोड पानावर विखुरलेले असतात; साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात तो जोमाने वाढतो. तिसरा पिवळा तांबेरा. त्याचे फोड पानाच्या शिरांना समांतर पट्ट्यांत येतात. त्याला १० ते १५ अंशांची थंडी लागते. म्हणूनच पिवळा तांबेरा हा उत्तरेकडील थंड प्रदेशाचा शत्रू आहे, तर महाराष्ट्रातील गव्हाला मुख्यतः काळ्या आणि तपकिरी तांबेऱ्याचे भय असते.

तिन्हींची कार्यपद्धती सारखी आहे. वाऱ्याने आलेला बीजाणू पानावर पडतो. पानावर काही तास दव किंवा पावसाचा ओलावा टिकला तर तो रुजतो, पर्णरंध्रातून आत शिरतो आणि जिवंत पेशींतून अन्न शोषू लागतो. एक-दोन आठवड्यांत तेथे नवा फोड फुटतो आणि त्यातून हजारो बीजाणू वाऱ्यावर स्वार होतात. दाण्यात जाणारे अन्न वाटेतच लुटले जाते. दाणा सुरकुततो, हलका होतो. हंगामात अशा चार-पाच पिढ्या झाल्या की साथ पसरते.

मग पुढच्या हंगामात ही बुरशी येते कोठून? भारतात या प्रश्नाचे उत्तर आग्रा महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ करम चंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमाने शोधले. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात हे बीजाणू तग धरू शकत नाहीत आणि भारतातील साथीत बार्बेरीचा वाटा नाही, असे त्यांनी दाखविले. ही बुरशी उन्हाळा काढते ती थंड डोंगरांवर: उत्तरेत हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीच्या डोंगरांत, आपोआप उगवलेल्या किंवा बिगरहंगामी पेरलेल्या गव्हावर. तेथून ती दरवर्षी वाऱ्यासोबत मैदानात उतरते. पुढे १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांबरोबर निलगिरीवरील बीजाणू मध्य भारतात कसे पोहोचतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर पिकावर कसे उतरतात, हे स्पष्ट केले. शेकडो कोस दूरच्या डोंगरावरील एक रोगट रोप आपल्या शेताशी अशा रीतीने जोडलेले असते.

प्रतिकारक्षमता म्हणजे काय?

एकाच शेतात, एकाच दवात भिजलेल्या दोन वाणांपैकी एक तांबूस होतो आणि दुसरा हिरवागार राहतो. हा भेद वंशपरंपरेने येतो, हे इंग्लंडमधील केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ साली दाखविले. त्यांनी पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडणारा आणि न पडणारा अशा दोन वाणांचा संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व रोपे रोगट निघाली. परंतु दुसऱ्या पिढीत सुमारे तीनास एक या प्रमाणात रोगट आणि निरोगी रोपे मिळाली. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेले प्रमाण हेच. म्हणजे प्रतिकारक्षमता हा जनुकांतून उतरणारा गुण आहे आणि तो संकराने नव्या वाणात आणता येतो.

हा गुण काम कसा करतो, तेही पाहण्यासारखे आहे. तांबेऱ्याची बुरशी केवळ जिवंत पेशींवरच जगू शकते. प्रतिकारक वाणात बुरशीने प्रवेश करताच तिच्या सभोवतालच्या थोड्या पेशी स्वतःहून मरतात. बुरशीची उपासमार होते आणि ती तेथेच संपते. पानावर मागे उरतो तो केवळ एक बारीक फिकट ठिपका. म्हणून परीक्षकाला पानावरील खुणा वाचता याव्या लागतात. ठिपका दिसला म्हणजे रोग झाला असे नव्हे. काही वेळा तो ठिपका विजयाची खूण असतो.

पण येथे एक अडचण उभी राहिली. एका प्रदेशात प्रतिकारक ठरलेला वाण दुसऱ्या प्रदेशात रोगाला बळी पडे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या एल्विन स्टॅकमन यांनी याचे कारण शोधले. बाहेरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या बुरशीतही अनेक उपप्रकार असतात आणि प्रत्येकाची वेगवेगळ्या वाणांवर मात करण्याची शक्ती वेगळी असते. हे उपप्रकार ओळखण्यासाठी स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली गव्हाच्या १२ वाणांचा एक संच प्रसिद्ध केला. बुरशीचा नमुना या बाराही वाणांवर सोडायचा आणि कोणता वाण बळी पडतो, कोणता टिकतो, याची नोंद करायची. जणू बारा कुलुपे आणि एक अनोळखी किल्ली. किल्लीने कोणती कुलुपे उघडली यावरून किल्लीची ओळख पटते. प्रत्येक वाणाचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे धरले, तरी बारा वाणांतून २ चा बारावा घात, म्हणजे ४,०९६ वेगवेगळ्या जुळण्या संभवतात.

या बारा वाणांच्या यादीतील शेवटचे नाव वाचताना मराठी वाचकाला आनंद झाल्याशिवाय राहणार नाही. ते नाव आहे ‘खपली’. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि लगतच्या कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या पेरला जाणारा, खिरीसाठी नावाजलेला, दाण्याला टरफल घट्ट चिकटलेला आपला खपली गहू! ज्या शेतकऱ्यांनी त्याचे बी हंगामामागून हंगाम राखले, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. परंतु त्यांनी दिलेले नाव जगभरच्या प्रयोगशाळांत जसेच्या तसे उच्चारले गेले. खपलीतील तांबेरा-प्रतिकारक जनुके पुढे संकराने इतर गव्हांतही नेण्यात आली.

रोपावस्थेतील परीक्षा

वाणाची पहिली परीक्षा काचगृहात होते. छोट्या कुंड्यांत बी पेरतात. साधारण सात दिवसांनी पहिले पान पूर्ण उघडते, तेव्हा त्यावर बुरशीच्या एकाच, ओळख पटलेल्या उपप्रकाराचे बीजाणू सोडतात. पानावर ओलावा टिकावा म्हणून कुंड्या रात्रभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ दमट कक्षात ठेवतात आणि नंतर योग्य तापमानात हलवितात. सुमारे दोन आठवड्यांनी पान वाचण्याजोगे होते.

गुणांकनाची पद्धत स्टॅकमन यांच्या परंपरेतील आहे. पानावर काहीच चिन्ह नसेल तर ०. अगदी बारीक फोड आणि त्याभोवती मेलेल्या पेशींचे वलय असेल तर १. छोटे फोड असतील पण भोवती हिरवे बेट आणि त्याबाहेर फिकट कडा असेल तर २. मध्यम फोड असतील तर ३, आणि मोठे, एकमेकांत मिसळणारे फोड असतील तर ४. साधारणपणे ० ते २ पर्यंतचा वाण त्या उपप्रकारास प्रतिकारक आणि ३ व ४ चा वाण बळी पडणारा मानतात. शाळेच्या परीक्षेत अधिक गुण चांगले. येथे मात्र शून्य मिळविणारा पहिला येतो.

हे काम आपल्या देशात शिमल्याच्या फ्लॉवरडेल येथील केंद्रात दीर्घकाळ चालत आले आहे. मेहता यांच्या संशोधनातून उभे राहिलेले हे केंद्र आज कर्नाल येथील भारतीय गहू व सातू संशोधन संस्थेचा भाग आहे. देशभरातून आलेल्या रोगट पानांवरून बुरशीचे उपप्रकार ओळखणे, ते जिवंत जतन करणे आणि नवे वाण त्यांच्यासमोर उभे करणे, ही कामे तेथे होतात.

शेतातील परीक्षा

काचगृहात उत्तीर्ण झालेला वाण शेतातही टिकेल असे नाही. आणि काचगृहात बालवयात अनुत्तीर्ण झालेला वाण मोठेपणी चांगला झुंजतो, असेही घडते. म्हणून दुसरी परीक्षा शेतात, वाढलेल्या पिकावर घेतात.

तिची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. तपासायच्या वाणांच्या छोट्या छोट्या ओळी पेरतात. त्यांच्या सभोवती आणि मध्ये ठराविक अंतरावर रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणांच्या ओळी असतात. ‘आग्रा लोकल’ हा त्यासाठी अनेक वर्षे वापरला गेलेला जुना वाण. या ओळींची कामे दोन. एक, त्यांच्यावर रोग वाढवून तो सर्व वाणांपर्यंत सारखा पोहोचविणे. दुसरे काम अधिक महत्त्वाचे. आग्रा लोकल तांबेऱ्याने भरून गेला असेल, तरच शेजारच्या हिरव्या ओळीला अर्थ आहे. तोही हिरवाच राहिला, तर रोगच आला नाही असे समजावे आणि त्या वर्षीची परीक्षा रद्द मानावी. ज्या लढाईत शत्रूच आला नाही, तेथे कोणाच्याही शौर्याचे प्रमाणपत्र देता येत नाही.

रोगाची लागण निसर्गावर सोपवीत नाहीत. पाण्यात बीजाणू मिसळून सायंकाळी फवारतात, म्हणजे रात्रीचे दव त्यांना रुजवील. काही वेळा पोटरीत आलेल्या रोपांत सुईने बीजाणूंचे पाणी टोचतात. पाण्याच्या पाळ्या देऊन शेतात दमटपणा राखतात. एरवी शेतकरी ज्या स्थितीला घाबरतो, ती येथे मुद्दाम निर्माण केली जाते. परीक्षा जितकी कठोर, तितका पुढे शेतकरी निर्धास्त.

गुण कसे मोजतात?

शेतातील नोंदीचे दोन भाग असतात. पहिला भाग रोगाच्या तीव्रतेचा. त्यासाठी कॉब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेल्या आणि पीटरसन व सहकाऱ्यांनी १९४८ साली सुधारलेल्या मापनपट्टीचा उपयोग होतो. पानावर फोडांचे आच्छादन किती, हे चित्रांशी ताडून ० ते १०० अंकांत लिहितात. पानाच्या पृष्ठभागाचा ३७ टक्के भाग प्रत्यक्ष फोडांनी व्यापला, की पट्टीवर १०० अंक धरतात. कारण त्याहून दाट फोड पानावर सहसा मावत नाहीत.

दुसरा भाग फोडांच्या स्वरूपाचा. त्यासाठी ठरलेले गुणक असे : प्रतिकारक ०.२, मध्यम प्रतिकारक ०.४, मध्यम बळी पडणारा ०.८ आणि पूर्ण बळी पडणारा १.०. तीव्रतेला या गुणकाने गुणले की ‘संसर्ग गुणांक’ मिळतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘क’ हा वाण तीन ठिकाणी तपासला. पहिल्या ठिकाणी तीव्रता ४० व फोड पूर्ण बळी पडणाऱ्या प्रकारचे, म्हणून ४० × १.० = ४०. दुसऱ्या ठिकाणी २० × ०.८ = १६. तिसऱ्या ठिकाणी १० × ०.४ = ४. बेरीज ६०, सरासरी २०. ‘ख’ या वाणाचे आकडे २० × ०.४ = ८, १० × ०.४ = ४ आणि ५ × ०.२ = १. बेरीज १३, सरासरी सुमारे ४.३. अर्थात ‘ख’ सरस ठरतो.

परंतु सरासरीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. समजा ‘ग’ हा वाण चार ठिकाणी तपासला. तीन ठिकाणी त्याला शून्य आणि चौथ्या ठिकाणी ८० मिळाले. सरासरी २०, म्हणजे ‘क’ इतकीच. पण या दोन विसांचा अर्थ एक नाही. ‘ग’ वर मात करणारा उपप्रकार चौथ्या ठिकाणी जन्माला आला आहे, आणि वाऱ्याला तालुक्याच्या सीमा नसतात. उरलेल्या तीन ठिकाणी तो पोहोचला, की ‘ग’ सर्वत्र कोसळेल. म्हणून जाणते परीक्षक सरासरीबरोबर सर्वाधिक आकडाही लिहून ठेवतात. चौथ्या गावच्या शेतकऱ्याचे ऐंशी हे सरासरीत विरघळवून टाकायचे नसतात.

रोग किती झाला, इतकेच तो किती वेगाने झाला हेही महत्त्वाचे. त्यासाठी दर ७ ते १० दिवसांनी नोंद घेऊन आलेख काढतात आणि आलेखाखालील क्षेत्रफळ मोजतात. समजा दहा-दहा दिवसांच्या अंतराने एका वाणाची तीव्रता १०, ३०, ६० अशी वाढली. लगतच्या दोन नोंदींची सरासरी गुणिले दिवस या सूत्राने २०० + ४५० = ६५०. दुसऱ्या वाणाची वाढ ५, १०, २० अशी झाली, तर ७५ + १५० = २२५. दुसऱ्या वाणालाही रोग झाला आहे. पण तो संथ गतीने, आणि तोवर दाणा भरून गेलेला असतो. शाळेत शिकलेले समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ येथे प्रत्यक्ष भाकरी-चपातीच्या हिशेबाला उपयोगी पडते.

परीक्षा कधीच का संपत नाही?

१९६० च्या दशकात मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या गव्हांनी भारताची भूक भागविण्यात मोठा वाटा उचलला. नॉर्मन बोरलॉग यांनी १९४४ पासून मेक्सिकोत गव्हाचे काम केले, त्यामागे तेथील खोडावरील तांबेऱ्याच्या साथीच होत्या. त्या गव्हांतून निवडलेला ‘कल्याण सोना’ भारतात लाखो एकरांवर पसरला. पण थोड्याच वर्षांत पानावरील तांबेऱ्याच्या नव्या उपप्रकारांनी त्याच्यावर मात केली. एकच वाण सर्वत्र पेरला की त्याच्यावर मात करू शकणाऱ्या बुरशीला सारा देशच मोकळा मिळतो, हा धडा त्यातून मिळाला.

असाच धडा जगाला युगांडाने दिला. राय या धान्यातून गव्हात आणलेले ‘एसआर ३१’ हे जनुक अनेक वर्षे जगभर खोडावरील तांबेऱ्याला रोखून धरीत होते. १९९८ साली युगांडात त्या जनुकाचे गहूही रोगट झालेले आढळले. १९९९ साली ओळख पटलेल्या या उपप्रकाराला ‘युजी ९९’ असे नाव पडले. तो केनिया, इथिओपिया, सुदान करीत येमेन आणि इराणपर्यंत पोहोचला. २००५ नंतर केनियातील न्जोरो येथे विविध देशांचे गहू त्याच्यासमोर उभे करून तपासण्याची व्यवस्था झाली. भारतीय वाणही तेथे पाठविण्यात आले. शत्रू दाराशी येण्यापूर्वीच त्याच्या घरी जाऊन परीक्षा देण्याचा हा मार्ग.

यावर दूरदृष्टीचा उपाय म्हणजे एकाच बलवान जनुकावर विसंबून न राहता अनेक लहान जनुकांची शक्ती एकत्र करणे. ‘एसआर २’, ‘एलआर ३४’ यांसारखी जनुके रोग पूर्ण थांबवीत नाहीत. त्याची चाल मंद करतात. परंतु त्यांचा प्रभाव अनेक दशके टिकून राहिला आहे. त्यांपैकी ‘एसआर २’ अमेरिकेतील मॅकफॅडन यांनी एमर नावाच्या टरफलाच्या गव्हातून साध्या गव्हात आणले, आणि त्या नव्या वाणाचे नाव ठेवले ‘होप’, म्हणजे आशा. एमर हा आपल्या खपलीचाच सोयरा.

महाराष्ट्रातील कार्य

आपल्या राज्यात हे काम अनेक ठिकाणी चालते. महाबळेश्वर येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तेथील थंड, दमट हवा तांबेऱ्याला पोषक असल्याने वाणांची परीक्षा तेथे चोख होते. त्याच विद्यापीठाच्या निफाड येथील कृषी संशोधन केंद्राने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती असे वाण दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस’ या नावाने ओळखले जाणारे अनेक वाण विकसित केले. त्यांत ‘एमएसीएस २९७१’ हा खपली गव्हाचा सुधारित बुटका वाणही आहे. १९६५ पासून अखिल भारतीय समन्वित गहू प्रकल्पामुळे देशातील केंद्रे एकमेकांचे वाण तपासतात. त्यामुळे आपल्या वाणाला आपणच गुण देण्याचा मोह टळतो.

हा मोह लहान नाही. एक वाण घडवायला दहा-बारा वर्षे जातात. अखेरच्या वर्षी वाफ्यात तांबूस फोड दिसले, तर ते तसेच लिहायला मनाचा प्रामाणिकपणा लागतो. ४० च्या जागी १० लिहिणे हा कागदावर एका क्षणाचा फरक. पण त्या वाणाचे बी उसनवारी करून घेणाऱ्या दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या घरात तो फरक वर्षभर जाणवतो. बुरशीनाशकाच्या फवाऱ्याचा खर्च त्याला परवडतोच असे नाही. बियाण्यातच असलेले संरक्षण मात्र त्याला वेगळे मोल न देता मिळते. मोठ्या बागायतदाराला मिळते तितकेच त्यालाही मिळते. म्हणून वाफ्यात नापास झालेल्या वाणाबद्दल हळहळ वाटू नये. तो तेथे पडला, म्हणून कोणाचे तरी शेत वाचले.

विद्यार्थ्यांसाठी निरीक्षण-पाठ

शाळेच्या परिसरात किंवा सुटीत गावी गहू असल्यास पुढील अभ्यास करता येईल. रोग मुद्दाम पसरविण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. तो अधिकार संशोधन केंद्राचा, कारण बीजाणू आपल्या कुंपणाशी थांबत नाहीत.

१. नोव्हेंबरमध्ये तीन-चार वेगवेगळ्या वाणांच्या एक-एक मीटरच्या ओळी पेरा. शक्य असल्यास त्यांत खपलीची एक ओळ असू द्या. ओळींना नावाऐवजी क्रमांक द्या. नोंद करणाऱ्याला वाणाचे नाव ठाऊक नसावे.

२. जानेवारीपासून दर आठवड्याला प्रत्येक ओळीतील दहा रोपांची वरची दोन पाने पाहा. फोडांचा रंग, आकार आणि त्यांची मांडणी लिहा.

३. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न विचारता एकाच ओळीला गुण द्यावेत व नंतर ताडून पाहावेत. फरक आढळल्यास पुन्हा पान पाहावे. वादाचा निकाल पानाने द्यावा.

४. सकाळी दव किती वाजेपर्यंत टिकते, याची नोंद ठेवा आणि रोगाच्या वाढीशी तिचा संबंध तपासा.

५. रोग आलाच नाही, तर ‘रोग आढळला नाही’ असे स्पष्ट लिहा. ‘वाण प्रतिकारक आहे’ असे लिहू नका. ही दोन विधाने वेगळी का, याचे उत्तर या लेखात आहे.

गव्हाची कसोटी आपल्याला शास्त्राबरोबर एक शिस्तही शिकविते. कारणावाचून कार्य घडत नाही. ते कारण कोणाच्या सांगण्यात न शोधता वस्तूत शोधावे. आणि जे दिसले ते जसे दिसले तसे लिहावे. बुरशी बदलत राहील, वारे वाहत राहतील, नवे वाण जुने होतील. म्हणून दर हिवाळ्यात कोणीतरी दवात भिजलेल्या वाफ्यात उभे राहून, वही हातात घेऊन, पान उलटून पाहिलेच पाहिजे. उद्या त्या वाफ्यात उभे राहणारा अभ्यासक या शाळेच्या वर्गातून गेलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी लागणारी सामग्री फार थोडी आहे : निरखणारी नजर, मोजण्याचा धीर आणि खरे लिहिणारा हात.